नोकरी सोडू, की सहा वर्षं कशीबशी काढू?

पत्र थोडक्यात: फोंडा तालुक्यातल्या एका गावातून रोज बसने पणजीला जाणाऱ्या, सरकारी खात्यात हेड क्लार्क असलेल्या ५४ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. सेवा २९ वर्षांची, निवृत्तीला सहा वर्षं बाकी. खात्यातली दोन पदं रिकामी आहेत आणि त्यातल्या एका पदाचा ॲडिशनल चार्ज गेली दोन वर्षं त्यांच्याकडे आहे. विधानसभेचं अधिवेशन असलं की प्रश्नांची उत्तरं तयार करता करता रात्रीचे आठ-नऊ वाजतात. पहाटे पावणेपाचला उठून स्वयंपाक, ८२ वर्षांच्या सासूबाईंचं आवरणं, मग साडेसातची बस. नुकत्याच झालेल्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.२ निघाली आणि रक्तदाब १४४/९२. गुडघे दुखतात, झोप जेमतेम पाच तास होते आणि रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधड सुरू होते. यजमान बँकेतून निवृत्त झाले आहेत, ते म्हणतात स्वेच्छानिवृत्ती घे. भगिनींना वाटतं, इतकी वर्षं काढली तशी सहा काढू, मग चालणं, योगासनं, सुटलेलं भजन, कुळागर सगळं निवांत करू. पण अगदी असेच बेत केलेल्या त्यांच्या एक सहकारी निवृत्तीनंतर सात महिन्यांत पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून त्यांना काही सुचत नाही. नोकरी सोडावी, की तग धरावा?

ताई,

आधी छातीतल्या धडधडीचं बोलू, बाकी सगळं नंतर. ती रविवारीच होते म्हणून तिला ‘टेन्शन’ ठरवून तुम्ही मोकळ्या झाला आहात. टेन्शन असेलही. पण तुमच्या वयाला, वाढलेल्या रक्तदाबाबरोबर, धडधडीचं कारण थायरॉइड असू शकतं, कमी झालेलं रक्त असू शकतं, पाळी थांबण्याच्या काळातले बदल असू शकतात आणि हृदयाचा ठोका खरोखरच चुकत असू शकतो. कार्डिओग्राम, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन या तीन तपासण्या याच आठवड्यात करून घ्या. रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या. दवाखान्यात घाईघाईत घेतलेल्या एका आकड्यावरून औषध सुरू करणं किंवा टाळणं, दोन्ही बरं नाही. आणि छातीत दाब, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ यांतलं काही झालं तर बसची वाट बघायची नाही, यजमानांना गाडी काढायला सांगायची नाही, १०८ ला फोन करायचा.

आता तुमचा प्रश्न. सोडू की काढू, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवले आहेत. यजमान एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या, पण एका बाबतीत तुमचं दोघांचं एकमत आहे: नोकरी आणि प्रकृती एका दिवसात नांदू शकत नाहीत. त्यांचं म्हणणं, ‘म्हणून नोकरी सोड’; तुमचं म्हणणं, ‘म्हणून प्रकृती थांबू दे’. मला तिथेच अडखळायला होतं. सहा वर्षांनी तुमच्यापाशी वेळ असेल हे खरं. पण वेळ मिळाला की सवय आपोआप लागते, हे कुठून आलं?

सवयीला खुंटी लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट, कुणाला चालणं, कुणाला फळ खाणं, एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली माझ्या मते सर्वांत धीर देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे सोमवारी सुटलं म्हणून मंगळवारी सोडून द्यायचं कारण नाही. पण ‘न्याहारीनंतर’, ‘जेवण झाल्यावर’ अशी खुंटी मात्र हवी.

तुमच्या आत्ताच्या दिवसाला अशा किती खुंट्या आहेत बघा. साडेसातची बस. पणजीच्या स्टँडवर उतरणं. दुपारचा डबा. साडेपाचला टेबल आवरणं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी या सगळ्या एकदम नाहीशा होतात. नंतर चालायला जायचं ते सकाळी की संध्याकाळी, हेच ठरत नाही. पाहुणे येतात, पाऊस येतो, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असतं आणि ‘उद्यापासून’ असं म्हणत वर्ष सरतं. निवृत्तांकडून मी हे इतक्या वेळा ऐकलं आहे की ‘नंतर निवांत करीन’ या वाक्यावर माझा आता भरवसा उरलेला नाही. आपल्याकडे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं ते एप्रिल-मेमध्ये, ऊन कडक असताना. जूनमध्ये धो धो पाऊस लागल्यावर कोणी मिरच्या वाळवायला घालत नाही. चालणं, ताकद, झोप यांची बेगमीही नोकरीत असतानाच होते.

तुमच्या सहकारी बाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांचं असं का झालं ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. त्यांनी काही चुकीचं केलं असं मुळीच समजू नका. एवढंच खरं की पक्षाघाताच्या मागे पुष्कळदा असतो तो वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेला रक्तदाब, आणि तो कामाच्या वर्षांत वाढलेला असतो. तुमचा आकडा तुम्हाला आज कळला आहे. भीती वाटते तेव्हा ही एक गोष्ट हाताशी ठेवा.

साखरेचंही तसंच. ६.२ हा मधुमेह नव्हे. ५.७ ते ६.४ हा त्याच्या उंबरठ्याचा टप्पा. गोव्यात हा उंबरठा ओलांडणारे फार आहेत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. पण उंबरठ्यावरून मागे फिरता येतं याचा पुरावाही भक्कम आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि थोडं वजन कमी करणं एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं आणि साठीच्या पुढच्या माणसांत तर ७१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात भारतीयांमध्ये हा फायदा साधारण २८ टक्के दिसला. तो कमी आहे, पण कुठलीही गोळी न घेता मिळालेला आहे. तेव्हा ५४ म्हणजे उशीर झाला, हे मनातून काढून टाका.

मग दिवसात हे बसवायचं कसं? मी तुम्हाला पहाटे चारला उठून चालायला जा असं सांगणार नाही. पाच तासांच्या झोपेतून आणखी अर्धा तास कापून केलेला व्यायाम तुमच्या अंगी लागणार नाही. पहिलं काम झोप वाढवण्याचं आहे आणि त्यासाठी घरात एक बोलणं व्हायला हवं.

यजमान निवृत्त आहेत. प्रकृतीने ठणठणीत आहेत असं तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्याबद्दलची काळजी त्यांच्या सूचनेत स्वच्छ दिसते. तर तुमचा डबा, सासूबाईंचा सकाळचा चहा आणि गोळ्या ही कामं त्यांनी घेतली तर तुम्हाला पावणेपाचऐवजी पावणेसहाला उठता येईल. त्यांना स्वयंपाक येत नाही, हे तुम्ही पत्रात जवळजवळ त्यांच्या वतीने माफी मागितल्यासारखं लिहिलं आहे. ताई, रात्री भिजवलेले मूग कुकरला लावणं आणि भाजी परतणं हे साठीच्या माणसाला महिन्याभरात येतं. ‘नोकरी सोड’ म्हणण्याआधी त्यांनी हे करून बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही ते त्यांना मागितलं आहे का, हे मात्र पत्रात कुठे दिसलं नाही. मागा. रागाने नको, तपासणीचे कागद समोर ठेवून.

चालण्याची खुंटी बसला लावा. पणजीच्या स्टँडवर उतरून तुम्ही पुन्हा दुसऱ्या मिनीबसमध्ये चढता. ती सोडा. पाटो पूल ओलांडून मळ्याच्या बाजूने ऑफिस गाठायला पंधरा-वीस मिनिटं लागतील, संध्याकाळी तेवढीच परत. आठवड्याचे पाच दिवस धरले तर दीडशे मिनिटं इथेच भरतात. चाल अशी हवी की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद करू नका. सुरुवात एका वेळेपासून करा, पायात चपलेऐवजी बूट घाला, आणि दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर गती कमी करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे छत्रीत चालणं म्हणजे शिक्षा असते, तेव्हा ऑफिसचा लांब व्हरांडा, जिना, घरी आल्यावर राजांगणाभोवतीची पडवी, किंवा देवळात गेलात तर सभामंडप. दुपारी डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं व्हरांड्यात फेऱ्या घातल्या तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, हे साखर मोजणाऱ्या यंत्रावर तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता.

चालण्याचं सगळे सांगतात. ताकदीचं कोणी सांगत नाही आणि बायकांना तर नाहीच. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, साठीनंतर वेगाने. पाळी थांबल्यावर हाडंही विरळ होतात. सत्तरीत माणूस परावलंबी होतो तो पुष्कळदा याच कारणाने: खुर्चीतून उठता येत नाही, न्हाणीघरात तोल जातो, खुबा मोडतो. सासूबाईंना उठवताना तुम्ही हे रोज बघता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते आणि पासष्टीनंतर त्यात तोल सांभाळण्याचा व्यायाम तीन दिवस घालते. तुम्हाला जिम लागणार नाही. ऑफिसच्या खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा. खुर्ची चाकांची असेल तर भिंतीला टेकवा. भिंतीला तळवे टेकून ढकलणं दहा वेळा. उभ्याने टाचा उचलणं. चहा उकळेपर्यंत ओट्याला एक बोट टेकून एका पायावर उभं राहणं, मग दुसऱ्या. महिन्याभराने दोन्ही हातांत पाण्याची लिटरची बाटली घ्या. गुडघ्यांना खरी मदत होते ती मांडीचे स्नायू घट्ट झाल्याने. सुरुवातीला एकदा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत बघून घ्या, म्हणजे चुकीचा ताण पडणार नाही. रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत श्वास रोखून काही उचलू नका.

खाण्याविषयी लांबवणार नाही, कारण तुम्ही घरचं जेवता आणि ते चांगलं आहे. दोन जागा बिघडलेल्या दिसतात. सकाळी चहावर निघून दुपारी अडीचला डबा उघडता आणि मधल्या वेळात साखर घातलेले पाच चहा होतात. न्याहारी घरून करून निघा किंवा बसमध्ये बसल्यावर खा: दोन अंडी, मुगाचं घावन, नाहीतर नाचण्याची आंबील. चहा दोन, हळूहळू बिनसाखरेचे. मीटिंगला येणारे सामोसे आणि संध्याकाळची भाजीपावची प्लेट यांना, भूक अडीचपर्यंत ताणल्यामुळे, नाही म्हणवत नाही. वेळेवर जेवलात की तीच नकोशी होईल. दुसरी जागा भाताची. उकड्याचा भात म्हणून आपण निश्चिंत असतो, पण ढीग उकड्याचा असला तरी ढीगच. भात निम्मा, हुमण तेवढंच, तळलेल्याऐवजी हुमणातला बांगडा किंवा तारली, शिवराक दिवशी मूगागाठी नाहीतर चवळीचं तोंडाक. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चमचा. सुकं मासळं, पापड, लोणचं यांत ते बघता बघता संपतं, आणि तुमच्या रक्तदाबाला ते सोसणारं नाही.

हे झालं तुमच्या हातातलं. आता जे तुमच्या एकटीच्या हातात नाही आणि ज्याचा दोष तुम्ही तरीही स्वतःला देता, त्याकडे येते. ‘मलाच मॅनेज करता येत नाही’ असं तुम्ही दोनदा लिहिलंत. एका माणसाला दोन खुर्च्यांचं काम दोन वर्षं दिलं तर कुणालाही ते जमत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट यांनी दशकानुदशकं अभ्यास केले, व्हाइटहॉल नावाने ते ओळखले जातात. सगळे सरकारी नोकर, पगाराची शाश्वती असलेले, तरीही पायरी जितकी खालची तितका हृदयविकार जास्त निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पुरता भरून निघेना, आणि पुढच्या अभ्यासात एक कारण ठळक दिसलं: आपल्या कामावर आपलं नियंत्रण नसणं. कधी काय येऊन पडेल ते माहीत नाही, कसं करायचं ते ठरवता येत नाही, नाही म्हणता येत नाही. अधिवेशनात दुपारी चारला येणारा आणि उद्या सकाळी उत्तर हवं असलेला प्रश्न आठवा. रविवारच्या संध्याकाळी तुमची छाती कशाने धडधडत असेल, याचा मला अंदाज येतो.

म्हणून २१ जूनला ऑफिसात योगाचा कार्यक्रम झाला की कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याचं काम झालं, असं मानायला मी तयार नाही. योग चांगलाच आहे. पण रिकामं पद भरणं, कामाची वाटणी करणं आणि माणसाला वेळेवर घरी जाऊ देणं, हे स्वास्थ्याचं पहिलं काम आहे आणि ते खात्याने करायचं आहे. हे वाचणाऱ्यांत कुणी अधीक्षक, उपसंचालक असतील तर त्यांनी आपल्या शाखेत कोण किती वाजता निघतं, हे एक महिना बघावं.

तुम्ही काय करू शकता? लेखी द्या. तोंडी तक्रार हवेत जाते, नोटशीटवर आलेल्या गोष्टीला उत्तर द्यावं लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोन्ही टेबलांची कामं, महिन्याला येणाऱ्या फायली, थकलेली कामं यांचा एक पानाचा तक्ता करा. खाली तीन मागण्या: ॲडिशनल चार्ज सहा महिन्यांच्या आत काढावा किंवा दोघांत वाटावा, अधिवेशन काळात उशिरापर्यंत थांबण्याची पाळी लावावी आणि एक एलडीसी (कनिष्ठ लिपिक) तात्पुरता द्यावा. तक्रारीचा सूर नको, प्रस्तावाचा ठेवा. शाखेतल्या आणखी दोघांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. नाही म्हणतील का? कदाचित पहिल्यांदा म्हणतील. स्मरणपत्र कसं लिहायचं ते तुम्हाला शिकवायला नको.

आणि रजा. तुमच्या खात्यावर २७० दिवसांची अर्जित रजा आहे आणि ती निवृत्तीला पैसे मिळतील म्हणून तुम्ही राखून ठेवली आहे. हिशेब करून बघा. वर्षाला ३० दिवस जमा होतात, सहा वर्षांत आणखी १८०, एकूण ४५०. रोखीकरण होतं जास्तीत जास्त ३०० दिवसांचं. म्हणजे दीडशे दिवस न वापरता वाया जाणार आहेत. पैशांसाठी राखलेल्या रजेला हात न लावता तुम्ही दर वर्षी २५ दिवस घेऊ शकता. अधिवेशन संपल्यावर सलग तीन आठवडे घ्या. ती रजा लग्नाकार्याला किंवा चवथीच्या स्वयंपाकाला देऊ नका, झोपेला आणि डॉक्टरांना द्या.

या तीन आठवड्यांचा दुसराही उपयोग आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर घरातला दिवस कसा असेल, ते कळेल. यजमानांची सूचना मी उडवून लावत नाही. वीस वर्षांची पात्र सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, पेन्शन मिळतं, आणि काहींच्या बाबतीत तोच निर्णय योग्य असतो. डॉक्टरांनी कामाचा ताण धोक्याचा आहे असं स्पष्ट सांगितलं, किंवा मनाची उमेद इतकी खचली की सकाळी उठणंच अशक्य झालं, तर पैशांचा हिशेब दुय्यम. पण आज, फक्त थकव्यापोटी सोडण्याआधी दोन गोष्टी बघा. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरतं, म्हणजे पुढच्या सहा वर्षांच्या वेतनवाढी जन्मभराच्या पेन्शनमधून जातील, आणि ग्रॅच्युइटी सेवेच्या ३३ वर्षांपर्यंत वाढत जाते, तुमची २९ झाली आहेत. हा आकडा अकाउंट्समधून काढून घ्या, अंदाजावर जाऊ नका. दुसरी गोष्ट नाजूक आहे. चोपन्नाव्या वर्षी घरी बसलेल्या सुनेकडे ८२ वर्षांच्या सासूबाईंची चोवीस तासांची जबाबदारी येते, आणि त्यातून निवृत्त होता येत नाही. घरातली वाटणी आधी बदलली नाही, तर नोकरी सोडून तुमच्या चालण्याला आणि भजनाला वेळ मिळेल, असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्रात न आलेला तिसरा रस्ता मला सर्वांत जवळचा वाटतो: फोंड्याला बदली. तुमच्या खात्याचं तालुका कार्यालय तिथे आहे, हे तुम्हीच ओघात लिहून गेला आहात. बाणस्तारी, भोम इथल्या वाहतुकीच्या कोंडीसकट जाण्या-येण्यात तुमचे रोज अडीच तास जातात. ते दीड-दोन तासांनी कमी झाले तर झोप, चालणं, वेळेवरचं जेवण या तिन्हींचा प्रश्न एकदम सुटेल. अधिवेशनाचा भारही तालुक्याच्या ठिकाणी मुख्यालयाइतका नसतो. बदली मागणं म्हणजे हार मानणं, आणि मुख्यालयातल्या हेड क्लार्कने तालुक्याला जाणं म्हणजे कमीपणा, अशी एक समजूत तुमच्या ओळींमागे मला जाणवली. ती कुणाची आहे, याचा विचार करा. साठीत निरोप समारंभ कुठल्या इमारतीत झाला, याने तुमच्या गुडघ्यांना काही फरक पडत नाही. अर्जाला वैद्यकीय कागद जोडा, सासूबाईंचं वय लिहा. बदलीला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज नोटशीटच्या निकालाची वाट न बघता द्या. बदली मिळाली की स्टँडवरून ऑफिसपर्यंतचं चालणं तेवढं नव्याने बसवावं लागेल. फर्मागुडीच्या पठारावर संध्याकाळी चालणाऱ्यांची सोबत मिळेल.

मनाबद्दल थोडं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, पहाटे जाग येऊन विचार थांबत नसतील, रडू येत असेल, तर ते अंगावर काढायचं नसतं. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, २०२२ पासून चोवीस तास चालू. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळच मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं, असं म्हणणारे अजून आहेत. त्यांना विचारायला जाऊ नका.

आणि भजन. चार वर्षांपूर्वी गावातलं महिला भजनी मंडळ सोडलंत, अधिवेशनामुळे, आणि निवृत्तीनंतर परत जाईन म्हणता. मला पत्रात सर्वांत जास्त खटकलं ते हे. निवृत्तीनंतर बायकांना एकटेपण येतं ते घरात माणसं असूनही येतं, कारण तीस वर्षांतली माणसं पणजीला राहतात आणि गावातली ओळख सुटलेली असते. दहा वर्षांनी मंडळात परतलात तर तुमच्या जागी दुसरी गाणारी असेल, टाळ धरणाऱ्या मुली तुम्हाला ओळखणार नाहीत. आठवड्यातून एक संध्याकाळ, मागच्या रांगेत बसून, एक अभंग म्हणून घरी आलात तरी चालेल. श्वास लांबतो, चार जणींशी बोलणं होतं आणि त्या रात्रीची झोप बहुधा बरी लागते. व्यायामाच्या यादीत मी याला चालण्याच्या बरोबरीने ठेवते.

तुमच्यासारखी पत्रं वेर्णा, कुंडई इथल्या कारखान्यांतून आणि हॉटेलांतूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. रात्रपाळी असेल तर दिवसाची झोप हीच तुमची रात्र आहे: खोली अंधारी करा, फोन बाहेर ठेवा, घरच्यांना ती वेळ पाळायला सांगा. पाळीच्या मधल्या जेवणात तळलेलं टाळा, आणि पाळ्या दर आठवड्याला उलटसुलट फिरत असतील तर सगळ्यांनी मिळून व्यवस्थापनाशी बोला. पुरुष वाचकांना एक थेट विचारायचं आहे. कामाचा शीण घालवायला रोज संध्याकाळी घेतलेला पेग झोप आणतो असं वाटतं, पण मध्यरात्रीनंतरची झोप तोच मोडतो आणि रक्तदाबही वाढवतो. निवृत्तीनंतर संध्याकाळ चार वाजताच सुरू होते आणि पेगाची वेळही अलीकडे सरकते. त्या संध्याकाळची सोय आत्ताच लावा: नाटकाची तालीम, मैदान, वाचनालय, शेत, काहीही, पण माणसांत.

ताई, सगळं एकदम सुरू करू नका, कोलमडेल. या आठवड्यात कार्डिओग्राम आणि रक्ताच्या तपासण्या, आणि रविवारी दुपारी यजमानांशी बोलणं. धडधड सुरू होण्याच्या आधीच्या वेळेला. पुढच्या सोमवारपासून स्टँडवरून चालत, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. महिनाअखेर नोटशीट आणि बदलीचा अर्ज. खुर्चीतून उठबस त्यानंतरच्या महिन्यात. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि त्या कागदाबरोबर मला लिहा. आकडा खाली आला नसेल तरी लिहा. मग कुठे अडतंय ते बघू आणि स्वेच्छानिवृत्तीचा हिशेबही तेव्हा हातात असलेल्या आकड्यांवर मांडू.